दीनानाथच्या रायफलचा चाप

दीनानाथ वालावलकर थापा मारतो हे मेलबर्नच्या टार्निटातल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. उलट गणपतीच्या जेवणाला तो आला नाही तर मोदकात गूळ कमी पडल्यासारखं व्हायचं. कुणी वाऱ्याची तक्रार केली की दीनानाथ म्हणायचा, "तुम्ही वारा पाहिलायच कुठे? वेरिबीच्या पुढे आमच्या नेमबाजीच्या रेंजवर एका नोव्हेंबरात असा समोरून वारा आला, की मी गोळी झाडली, आत जाऊन चहा केला, प्यालो, कप विसळला, बाहेर येऊन बघतो तर गोळी अजून अर्ध्या वाटेवर. मी म्हटलं, बाई, जमत नसेल तर परत ये." एका कांगारूने म्हणे त्याचा डबा पळवून मिरचीचा ठेचा खाल्ला आणि तडक जिलाँगच्या समुद्रात जाऊन बसला. तिथलं पाणी अजून कोमट आहे.

विलास केरकर म्हणजे दुसरं टोक. त्याला कुणी 'कसा आहेस' विचारलं तर तो आधी विचार करायचा आणि मग खरं उत्तर द्यायचा, त्यामुळे लोक फारसं विचारत नसत. डँडेनॉन्गच्या एका कारखान्यात तो पॅकिंगची मशिनं दुरुस्त करायचा. टार्निटहून तिथे जायचं म्हणजे अख्खं मेलबर्न ओलांडायचं. तो ते रोज ओलांडायचा आणि कुणापाशी कुरकुरायचा नाही. दोघांची घरं एकाच रस्त्यावर. दोघांनी एकाच वर्षी रायफल क्लबात नाव घातलं, दर रविवारी एकाच गाडीतून जायचे, येताना दीनानाथ बोलायचा आणि विलास गाडी चालवायचा. असं पंधराएक वर्षं चाललं होतं. दोघांनाही दुसरा मित्र लागला नाही.

दीनानाथच्या रायफलचा मूळचा चाप भलता जड होता. "चाप कसला, रहाटाचा दोर आहे," तो म्हणायचा. "ओढेपर्यंत टार्गेट म्हातारं होतं." म्हणून एके दिवशी त्याने बाहेरच्या कंपनीचा हलका ट्रिगर मागवला आणि पुडकं विलाससमोर ठेवलं. दीनानाथला भिंतीत खिळा ठोकायचा तरी विलास लागायचा. गॅरेजमध्ये दीनानाथ शेजारी खुर्ची टाकून बसला आणि विलासने जुना ट्रिगर काढून नवा बसवला. रायफलचं कसं असतं, की बोल्ट पुढे ढकलून खाली दाबला की आतली पिन एका नखाएवढ्या पायरीवर अडकून उभी राहते. चाप ओढला की पायरी सरकते आणि पिन गोळीवर जाऊन आदळते. सगळी कला त्या पायरीत. विलासने ती पायरी लावली, रिकामी रायफल घेऊन बोल्ट पुन्हा पुन्हा आपटून पाहिला, रबरी हातोडीने ठोकून पाहिलं. पिन जागची हलली नाही.

"पक्कं?" दीनानाथने विचारलं.

"पक्कं."

"तुझ्या लग्नात भटजींनी विचारलं तेव्हासुद्धा तू एवढ्या ठामपणे बोलला नव्हतास."

हिवाळाभर रायफल लोण्यासारखी चालली. मग ऑक्टोबर आला, दसरा झाला, आणि पुढच्या रविवारी क्लबची वर्षाची मोठी स्पर्धा होती. हिवाळा सरला तरी त्या सकाळी गवतावर दव गोठलेलं, बोलताना तोंडातून वाफ. दीनानाथ चटईवर पालथा पडला, गोळी भरली, बोल्ट बंद केला आणि रायफल आपली आपण उडाली. गोळी टार्गेटच्या अलीकडे मातीत घुसली. कुणाला काही झालं नाही. पण रेंजवर ह्याहून मोठं पाप नाही. क्लबचा कॅप्टन कॉलिन धावत आला, स्पर्धा थांबवली, रायफल आत नेली.

आत हीटर लावलेला होता. चहा होईपर्यंत कमिटी जमली आणि सगळ्यांनी मिळून रायफल तपासली. बोल्ट आपटला, ठोकलं, हलवलं. पिन पायरीवर खांबासारखी उभी. कॉलिनने विलासला विचारलं, "ट्रिगर तू बसवलास ना? त्यात काही राहिलं असेल?"

"नाही," विलास म्हणाला. "मी सगळं तपासलं होतं. काम पक्कं आहे."

म्हणजे बोट. दुसरं काय असणार? बोल्ट बंद करताना म्हाताऱ्याचं बोट चापावर होतं. कमिटीने दीनानाथला सांगितलं की नवशिक्यांचा सुरक्षेचा कोर्स पुन्हा कर, तोवर तुझं सभासदत्व थांबवलंय. दीनानाथ एवढंच म्हणाला, की बोट बाहेर होतं. कमिटीतले दोघेतिघे मान खाली घालून हसले. ह्याच माणसाने त्यांना अर्ध्या वाटेवरची गोळी सांगितली होती.

परत येताना दीनानाथ गाडीत खिडकीबाहेर बघत होता. वेरिबीचा पूल गेल्यावर म्हणाला, "विलास, माझं बोट बाहेर होतं रे."

विलासला आपलं काम पक्कं असल्याचं माहीत होतं. तो हसला आणि म्हणाला, "दीना, ही गोष्टपण चांगली आहे. कांगारूच्या शेजारी बसेल."

त्यानंतर दीनानाथने गोष्ट सांगितली नाही. विलासला नाही, कुणालाच नाही. कोर्सही केला नाही, क्लबात पाऊल टाकलं नाही. रायफल तिजोरीत गेली ती गेली. दिवाळीच्या फराळाला पोरं त्याच्याभोवती कोंडाळं करून बसली, तर तो म्हणाला, "चकली खा, चांगली झालीय," आणि उठून गेला. लोकांना वाटलं वय झालं. विलास रविवारी एकटा रेंजवर जायचा आणि येताना रेडिओ लावायचा. रेडिओवरचे लोक खरं बोलत असतील, पण रस्ता संपत नसे. मे महिन्यात, थंडी पडू लागली तेव्हा दीनानाथ एका सकाळी उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले हृदय. टार्निटातल्या मराठी लोकांना हे कारण जरा किरकोळ वाटलं, पण डॉक्टरांशी कोण वाद घालणार.

दिवसकार्य आटोपल्यावर त्याची बायको सुहासिनी विलासकडे आली. बरोबर मुलगी, नुपूर.

"विलासभावजी, क्लबात भिंतीवर गेलेल्या सभासदांचे फोटो असतात ना?"

"असतात, वहिनी."

"ह्यांचा लावायचाय. मी कॉलिनला फोन केला. तो म्हणाला, सॉरी, सभासदत्व थांबलेलं असताना माणूस गेला तर फोटो लागत नाही. नियम आहे." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "घरात लावलाय. पण घरात मी बघते, नुपूर बघते. ह्यांना लोक लागायचे."

"Mum, it's just a wall," नुपूर हळूच म्हणाली.

"तुझ्यासाठी असेल वॉल."

विलास म्हणाला, "बघतो."

परवानाधारक गेला की रायफल घरात ठेवता येत नाही. दीनानाथची रायफल वेरिबीच्या ग्रॅहमकडे जमा होती. ग्रॅहम बंदुकांचा व्यापारी, साठीचा, हातापायांनी खांबासारखा आणि बोलण्यात काटकसरी. जुलैत एका सोमवारी विलासने कारखान्यातून रजा घेतली आणि त्याच्याकडे गेला. त्याला खरं म्हणजे काहीच सापडायची आशा नव्हती. पण वहिनींना 'बघतो' म्हटलं होतं, आणि म्हटलं की बघायचं एवढंच त्याला येत होतं.

ग्रॅहमची मागची खोली म्हणजे पत्र्याची शेड. आत बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा. रायफल रात्रभर तिथल्या कपाटात होती. विलासने ती रिकामी असल्याची खात्री केली, ग्रॅहमनेही केली. मग विलासने बोल्ट पुढे ढकलून खाली दाबला.

टक्.

पिन थांबलीच नाही. बोल्टबरोबर सरळ पुढे गेली. विलासने चापाकडे पाहिलं. बोट चापाच्या आसपासही नव्हतं. त्याने पुन्हा केलं. टक्. पुन्हा. एकदा पिन थांबली, आणि त्याने हुश्श करायच्या आत आपोआप सुटली.

"हं," ग्रॅहम म्हणाला. त्याचं हे लांबलचक भाषणच होतं.

"थांब," विलास म्हणाला. "हीटर आहे?"

ग्रॅहमने कोपऱ्यातला हीटर ओढून आणला. दोघं रायफल मध्ये ठेवून शेकोटीला बसल्यासारखे बसले. लोखंड हाताला कोमट लागायला लागलं तसा विलासने बोल्ट पुन्हा बंद केला. पिन खांबासारखी उभी. आपटला, ठोकलं, हलवलं. ढिम्म. क्लबातल्या हीटरजवळ कमिटीने तपासली होती तशीच.

विलासने ट्रिगरकडे वाकून पाहिलं. आत काहीतरी होतं. थंडीत गोठत होतं, उबेत वितळत होतं. पायरीला मागे यायला जागाच देत नव्हतं. पण ट्रिगर बसवताना तर त्याने एक थेंबही तेल घातलं नव्हतं.

रायफल पुन्हा गारठावी म्हणून दाराबाहेर थंडीत ठेवून त्यांनी चहा घेतला. मग विलासने लाकडी दस्ता उतरवला. ट्रिगर ज्या दोन खिळींवर बसतो त्या त्याने हाताने उजवीकडून घातल्या होत्या. तो नेहमी उजवीकडूनच घालायचा, आजवर एकदाही चुकला नव्हता. आता त्या डावीकडून घातलेल्या होत्या आणि एकीच्या डोक्यावर हातोडीचा वेडावाकडा घाव होता.

"कुणीतरी उघडलंय," तो म्हणाला.

"अनाडी माणूस," ग्रॅहम म्हणाला.

विलासने ट्रिगर बाहेर काढून बाजूची पट्टी उचलली. आत, पायरीच्या मागे, मेणासारखा पांढरा गोळा घट्ट बसला होता. पांढरा, पण मध्ये मध्ये लाल.

ग्रॅहमने वाकून नाक जवळ नेलं. "सनस्क्रीनसारखा वास येतो, मेट. नारळ."

विलासला वास घ्यायची गरज नव्हती. वालावलकरांकडे दसऱ्याला जो एकदा गेला असेल त्याने सांगितलं असतं. सुहासिनीच्या वडिलांची कुडाळला भाताची गिरणी होती. तिथे खंडेनवमीला गिरणीचा सांधा न् सांधा खोबरेल पिऊन तृप्त होत असे. टार्निटला गिरणी नव्हती, पण सुहासिनी होती. गवत कापायचं मशीन, शिवणयंत्र, गाडी, ड्रिल, पाटावर मांडलेली रायफल, सगळ्यांना कुंकू, आणि जिथे फट दिसेल तिथे चमचाभर खोबरेल. कोरडं कुंकू लोखंडावर टिकत नाही म्हणून तेही तेलातच कालवलेलं. शेजारच्या हृषिकेशने इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा ती वाटी घेऊन सगळ्या गाडीभोवती फिरली होती आणि म्हणाली होती, "हिला तोंडच नाही. पाजू कुठे?" कुडाळात तेल बारा महिने पातळ. मेलबर्नच्या सकाळी त्याचं मेण होतं. जुना रहाटाच्या दोरासारखा चाप ओढायला जड, पण आतून एवढा सैल होता की त्याने वर्षानुवर्षं तेल पचवलं. नवा नाजूक. त्याचा तो पहिला दसरा. शिफ्ट संपवून विलास संध्याकाळी पोचला तेव्हा वहिनी श्रीखंड वाढता वाढता म्हणाल्या होत्या, "तुमच्या ट्रिगरला पण दिलं हो नैवेद्याचं." विलासला वाटलं होतं, बाहेरून बोट टेकवलं असेल.

म्हणजे बोट बाहेर होतं.

विलास त्या लाल मेणाकडे बघत राहिला, आणि मग त्याची नजर पुन्हा त्या उलट्या खिळींकडे गेली. भिंतीत खिळा ठोकता न येणाऱ्या माणसाने गॅरेजमध्ये एकट्याने ही रायफल उघडली होती. वाकडीतिकडी हातोडी मारत. हे मेण पाहिलं होतं. लाल रंग पाहिला होता. आणि एक कण न पुसता सगळं होतं तसं बंद करून तिजोरीत ठेवलं होतं. कमिटीपुढे हे ठेवलं असतं तर एका मिनिटात सुटला असता. पण सुहासिनीला कळलं असतं की भर रेंजवर कुणाच्याही अंगावर जाऊ शकली असती अशी गोळी सुटली ती तिच्या चमच्यामुळे. विलासला सांगता आलं असतं. पण विलासला त्याने एकदा सांगून पाहिलं होतं.

गप्प बसला होता तो रुसला म्हणून नव्हे. एवढी मोठी खरी गोष्ट पोटात धरायची तर तोंड बंदच ठेवावं लागत असेल. एक खोटी बाहेर पडली असती तर पाठोपाठ तीही पडली असती.

"काय आहे ते?" ग्रॅहमने विचारलं.

विलासने खिशातून रुमाल काढला. मेण पुसलं, फटीतून काडीने कोरून काढलं, लाल काही उरलं नाही असं बघितलं. मग स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पायरी लावायचा बारीक स्क्रू थोडा सैल केला, पिन जेमतेम अडकेल इतका.

"ग्रीस," तो म्हणाला. "माझंच. आणि पायरी मी फार निसटती लावली होती. दोष बसवण्यातला आहे."

ग्रॅहमने आधी स्क्रूकडे पाहिलं, मग रुमालाकडे, मग त्याच्याकडे. "नारळाचं ग्रीस."

"हो."

"असं कमिटीला सांगितलंस तर तुला कुणी रायफलला हात लावू देणार नाही."

"माहीत आहे."

ग्रॅहमने हीटर बंद केला. "तुझी मर्जी, मेट."

तिथून विलास थेट वहिनींकडे गेला. कमिटीकडून कळण्याआधी आपणच सांगावं असं त्याला वाटलं. नुपूर कामावर होती. सुहासिनी ओट्याशी मेथी निवडत होती. तो उभ्याउभ्याच बोलला. आयुष्यात पहिल्यांदाच असं ठरवून खोटं बोलायचं म्हणून गाडीत त्याने ते म्हणून पाहिलं होतं, आणि दीनानाथ असता तर ह्यात कुठे वारा घातला असता, कुठे कांगारू, असा विचारही त्याच्या मनात येऊन गेला होता. त्याला काही घालता आलं नाही. ट्रिगर चुकीचा बसला होता, थंडीत घसरत होता, चूक माझी. संपलं.

तिच्या हातातली काडी तशीच राहिली.

"म्हणजे ह्यांचं बोट नव्हतं?"

"नव्हतं."

"हे खरं बोलत होते."

"हो, वहिनी."

ती खुर्चीत बसली. "मी पण म्हटलं ह्यांना. म्हटलं, हात थरथरतो तुमचा, कशाला तो नाद. हे काही बोलले नाहीत. माझ्याकडे बघितलं नुसतं." तिने मेथी बाजूला सारली. "असं बघितलं, जसं काही मलाच समजवायचंय."

ते बघणं कसं असेल हे विलासला दिसलं. तोंडापर्यंत शब्द आले होते. त्याने खाली पडलेली मेथीची एक काडी उचलून ओट्यावर ठेवली.

"आणि तुम्ही," ती सावकाश म्हणाली, "तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत की काम पक्कं आहे."

"हो."

"एकदा म्हणाला असतात, उघडून बघतो. एकदा. सगळे हसले तरी चाललं असतं. ह्यांना तुमच्याच शब्दाचं काय ते होतं."

ह्याच्यावर खोटं बोलायची गरजच नव्हती. विलासने मान हलवली. ती आत गेली आणि बाहेर आली नाही. थोडा वेळ थांबून त्याने दार ओढून घेतलं.

कमिटीने त्याचं बोलणं लगेच मानलं. कुणी पुरावा मागितला नाही, कुणी रायफल पुन्हा पाहिली नाही. विलास म्हणतोय म्हणजे तसंच असणार. कॉलिनला फार वाईट वाटलं. विलासने ह्यापुढे दुसऱ्याच्या रायफलचं काम करू नये असं ठरलं. ते ठरवतानाही सगळे त्याच्याशी नरमाईने बोलत होते. खरं बोलायला धाडस लागतं, असं कॉलिन म्हणाला आणि त्याच्या खांद्यावर थोपटलं. विलासला त्या क्षणी दीनानाथ शेजारी हवा होता. हसून हसून त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं असतं.

ऑगस्टात एका रविवारी फोटो लागला. नुपूरने निवडलेला, कुठल्याशा पिकनिकचा; तोंड उघडं, एक हात हवेत, समोर कुणीतरी ऐकत असणार. बार्बेक्यू झाला. क्लबातले लोक एकेक करून सुहासिनीजवळ आले आणि दीनानाथच्या गोष्टी तिलाच सांगू लागले, वाऱ्याची, कांगारूची. प्रत्येकाची गोळी आणखी हळू जात होती. ती ऐकत होती, मधूनच हसत होती. विलास लांब कुंपणाशी कागदाची प्लेट घेऊन उभा होता.

निघताना ती गाड्यांपाशी त्याच्याकडे आली. नुपूर गाडीत बसली होती.

"फोटो लागला," ती म्हणाली.

"हो, वहिनी. छान दिसतोय."

"तुम्ही खरं सांगितलंत म्हणून लागला. तेवढं मी विसरणार नाही." ती थांबली. "पण तुम्ही आता घरी येत जाऊ नका. तुम्ही दारात दिसलात की मला ते दिवस दिसतात. हे गप्प बसलेले. मला नाही जमत."

"बरं."

"आमच्या घराची किल्ली आहे तुमच्याकडे. ह्यांनी दिलेली."

विलासने खिशातून जुडगा काढला. ती किल्ली कधी काढावी लागेल असं दीनानाथला वाटलं नसणार. रिंगमध्ये ती सगळ्यात आत होती, दोन्ही घरांच्या किल्ल्या एकावर एक दाबून बसलेल्या. त्याने रिंगेची कड नखाने उचकटायला घेतली. नख निसटलं. पुन्हा उचकटली. पॅकिंगची मशिनं खोलणाऱ्या हातांना तेवढी रिंग उघडता येईना. सुहासिनी समोर हात पसरून उभी होती, आणि त्याला मदत करावी असं तिच्या मनात आलं नाही.